आमचा तरोटा म्हणजे यांचा टाकळा

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं आणि सासर चिपळूणजवळचं, त्यामुळे लग्नानंतरची पहिली दोन वर्षं माझी निम्मी एनर्जी शब्द समजून घेण्यातच गेली. जून महिना, चार दिवस पाऊस पडून गेलेला, मी ऑफिसातून येऊन पर्स ठेवतेय तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मागच्या बांधावर टाकळा आलाय का बघ गो." मला वाटलं कोणीतरी काहीतरी टाकलंय आणि ते उचलून आणायचं आहे. मी खरंच जाऊन बघून आले आणि सांगितलं की आई, काही टाकलेलं नाहीये. त्या इतक्या हसल्या की गॅस बारीक करून खाली बसल्या.

मग कळलं की भाजी आहे, रानभाजी, पहिल्या पावसानंतर आपोआप उगवते, कोणी पेरत नाही. म्हणलं ठीक आहे, आणते. तर पुन्हा गेले, तोवर साडेसहा वाजून गेलेले, आभाळ भरलेलं, अंधारून आलेलं, आणि मला सांगितलेलं की मेथीसारखी पानं असतात, मोठी मेथी समज. अख्खा बांध फिरले, मेथीसारखं काही दिसेना. नुसती कुठली तरी मलूल रोपं, पानं मिटून एकमेकांना चिकटलेली, लाजाळूला हात लावल्यावर होतं तसं. रिकाम्या हाताने परत. सकाळी दात घासत घासत मागच्या दारी आले तर तोच बांध हिरवागार, जिकडे तिकडे तीच पानं उघडून उभी! रात्री पानं मिटतो हा टाकळा, दोन दोन पानं समोरासमोर जोडून झोपतो आणि उजाडलं की उघडतो. आणि उघडल्यावर मी बघितलं तर, अहो हा तर आमचा तरोटा! लहानपणी शाळेच्या कंपाउंडला लागून गुडघ्याएवढा उभा असायचा तो. आमची माय भाजी करायची त्याची, मी नाक मुरडून खायची. एवढं आठ-नऊशे किलोमीटर लांब येऊन मी एका ओळखीच्या माणसाला ओळखलं नव्हतं असं काहीतरी झालं.

नावांचं पुराण इथेच उरकून टाकते. कोकणात टाकळा, आमच्या विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, तिकडे छत्तीसगडात चरोटा. आयुर्वेदात चक्रमर्द, म्हणजे चक्राला चिरडणारा, आणि हे चक्र म्हणजे गजकर्णाची ती गोल गोल चकती. त्यावर पुढे बोलायचंय मला, कारण ते चक्र माझ्या कमरेवर येऊन गेलंय.

तर खुडणं. मला वाटायचं भाजी खुडायला काय लागतं, पण पहिल्या दिवशी मी जी पिशवी भरून नेली ती सासूबाईंनी पाटावर ओतली आणि अर्धी बाजूला काढली. एक तर मी मोठी रोपं मुळासकट उपटली होती. टाकळा साधारण वीतभर व्हायच्या आत घ्यायचा, आणि फक्त वरचा शेंडा, दोन बोटांनी टचकन तुटेल तेवढाच. तुटताना वाकला किंवा धागा निघाला तर सोडून द्यायचा, तो जून झाला. शेंडा खुडला की खालून दोन फुटवे येतात, म्हणजे पंधरा दिवसांनी त्याच रोपावर परत भाजी. उपटलं तर संपलंच ना. दुसरं म्हणजे मी त्यात दुसरंच एक रोप घेऊन आले होते, हुबेहूब तसंच दिसणारं. सासूबाईंनी ते नुसतं हातात धरून उलटं केलं आणि म्हणाल्या हा रानटाकळा, कासविंदा, हा नाय.

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी तुम्हाला सांगते, कारण हे फोटो बघून कळत नाही नीट. खऱ्या टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, सहा पानं. पान देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद, गोल, म्हणजे अंडं उलटं धरल्यासारखं. आणि सगळ्यात टोकाची जोडी सगळ्यात मोठी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पान टोकाला अणकुचीदार. टाकळ्याचं पान चुरगळलं तर एक उग्र वास येतो, अगदी कच्च्या शेंगदाण्याला बुरा आल्यासारखा, मला तरी तसा वाटला, नवऱ्याच्या मते ओल्या गोणपाटाचा. शिजल्यावर जातो तो, घाबरू नका. बहुतेक त्या वासामुळेच गुरं याला तोंड लावत नाहीत. सगळं चरून झालेल्या माळावर टाकळा मात्र ऐटीत उभा, म्हणून एवढा दिसतो तो सगळीकडे.

कुठला खुडायचा हेही महत्त्वाचं आहे. हायवेच्या कडेला ढीगभर असतो, पण मुंबई गोवा हायवेची ती धूळ आणि धूर खाल्लेली भाजी मी नाही आणणार. गटाराच्या कडेचा नको, तणनाशक मारलेल्या बांधाचा तर अजिबात नको. आमच्याकडे बाजारात मावश्या गोणपाटावर वाटे लावून बसतात, २० रुपयाला वाटा, त्यांना विचारायला लाजू नका कुठून आणलाय म्हणून, त्या सांगतात. घरी खुडायला जमत नसेल तर त्यांच्याकडूनच घ्या, निवडलेला असतो.

आता निवडताना झालेली फजिती. ऑफिसला जायची घाई, मी पानं ओरबाडून टोपल्यात टाकत होते, आणि मग एक पान चालायला लागलं. किंचाळले मी. पानाच्याच रंगाची, पानाच्या मधल्या शिरेवर लांब पसरून चिकटलेली हिरवी अळी, हलली नसती तर दिसलीही नसती. मग एकेक पान उलटं करून बघितलं तर अजून चार सापडल्या. ही त्या पिवळ्या फुलपाखरांची पिल्लं, पावसाळ्यात थव्याने उडतात ना ती छोटी पिवळी, त्यांची मादी याच झाडावर अंडी घालते. तेव्हापासून नियम, पानं आधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायची, मग दोन पाण्यांतून काढायची, आणि चिरायच्या आधी मूठ मूठ करून ताटात पसरून बघायची. अळ्या मी फेकत नाही आता, पानासकट परत बांधावर ठेवून येते. सासूबाई म्हणतात हिचं काहीतरी वेगळंच.

परातभर पाला शिजून वाटीभर होतो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी चार माणसांत दोन दोन चमचे वाटून खायची वेळ आली नसती.

कोकणातली रीत अशी. पाला अगदी बारीक चिरायचा, देठ घ्यायचे नाहीत. तेलात मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की भिजवलेली मूगडाळ मूठभर, आणि असतील तर आठळ्या. मे महिन्यात फणस खाऊन झाल्यावर आठळ्या वाळूत पुरून ठेवलेल्या असतात, त्या उकडून सोलून तुकडे करून टाकायच्या. मग पाला, झाकण ठेवून वाफ, पाणी घालायचं नाही, त्याचंच सुटतं. शेवटी मीठ, किंचित गूळ, आणि ओलं खोबरं हात सैल सोडून. तांदळाची भाकरी. गोव्यातही आठळ्या आणि खोबरं घालूनच करतात, तिथल्या एका मैत्रिणीकडे खाल्लीये, तिच्यात मिरची लाल होती एवढाच फरक.

आणि आमच्या मायची रीत म्हणजे आधी पाला उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचा, काढून थंड करून घट्ट पिळायचा, गोळा करायचा, मग चिरायचा. फोडणीत लसूण, लाल तिखट, भिजवलेली चणाडाळ, आणि खोबऱ्याचा पत्ताच नाही. ज्वारीची भाकर आणि बाजूला कच्चा कांदा बुक्कीने फोडून. मी सासरी एकदा तशी केली तर सासूबाई म्हणाल्या पिळून सगळं सत्त्व टाकलंस की. मी मायला फोनवर सांगितलं, तर ती म्हणे, "न पिळता खातेत का बाप्पा? कडू नाही लागत?" दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत हे मला नंतर कळलं. इथे पाऊस मृगात सुरू होतो आणि टाकळा कोवळा असतानाच घरात येतो, म्हणून पिळायची गरज नाही. आमच्याकडे पाऊस उशिरा, त्यातून माय शेतातून परत येताना संध्याकाळी जे मिळेल ते खुडून आणायची, थोडा जून झालेला, तो उकडून पिळल्याशिवाय घशाखाली उतरायचा नाही. जे लोक म्हणतात ना टाकळा कडू असतो, त्यांनी बहुतेक तो उशिरा खाल्लेला असतो. श्रावणात पिवळी फुलं यायला लागली की आमच्या घरी टाकळा बंद, मग कितीही हिरवागार दिसू दे.

एक सूचना, पहिल्यांदा खाताना वाटीभरच खा. मी पहिल्या वर्षी माहेरची आठवण वगैरे येऊन दुपारी पण खाल्ली, रात्री पण खाल्ली, उरलेली सकाळी पोळीशी पण खाल्ली. टाकळा सोनामुखीच्या नात्यातला आहे. एवढंच सांगते, त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पोट साफ होतं म्हणूनच खातात गो पावसाळ्यात, पण एवढं साफ नाय करायचं."

आता ते चक्र. जुलैत इकडे कपडे वाळत नाहीत हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ओलसर परकराची नाडी कमरेला दिवसभर, आणि एक दिवस तिथे खाज. आधी लाल ठिपका, मग गोल, मधे पांढुरकं आणि कडेला उठलेलं. मी मेडिकलमध्ये जाऊन खाजेची क्रीम द्या म्हणलं, त्याने दिली, चिठ्ठी वगैरे काही विचारलं नाही. दोन दिवसांत खाज गायब, मी खूश. आठवड्याने एकाच्या तीन चकत्या झाल्या. नंतर डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं की यात स्टेरॉइड मिसळलेलं आहे, खाज दबते आणि बुरशी मजेत पसरते, अर्धे पेशंट हीच ट्यूब घेऊन येतात.

पण डॉक्टरांकडे जायच्या आधी मधे सासूबाईंचा प्रयोग झाला. त्यांच्याकडे हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत गेल्या वर्षीचं टाकळ्याचं बी होतं. ते रात्रभर आंबट ताकात भिजत घातलं, सकाळी पाट्यावर वाटायला घेतलं. ते बी म्हणजे दगड आहे दगड, रात्रभर भिजूनही पाट्यावर कडकड वाजत होतं. करड्या रंगाचा खरखरीत लगदा झाला, तो त्या चकत्यांवर थापला. पहिली दहा मिनिटं अशी चुरचुर की मी ओट्याला धरून उभी. वाळला की खपली धरतो, मग धुवून टाकायचा. असं सात दिवस. खाज खरंच कमी झाली, कडेची उठलेली रेघ बसली, एक छोटी चकती जवळपास दिसेनाशी झाली. मोठ्या दोन मात्र तशाच, आणि भोवतालची कातडी कोरडी पडून सोलायला लागली. बियांमध्ये बुरशीला मारणारी द्रव्यं आहेत हे खरं आहे, आपल्या लोकांनी चक्रमर्द नाव उगाच नाही ठेवलं, आणि एखादी नवी बारकी चकती असेल तर जुन्या काळी त्याने काम भागतही असेल. पण माझं प्रकरण त्या ट्यूबने आधीच बिघडवलेलं होतं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, सहा आठवडे गोळ्या आणि मलम, कपडे गरम पाण्यात, नाडीची जागा इस्त्रीने कडक वाळवायची, टॉवेल वेगळा. बरं झालं. डॉक्टरांना मी टाकळ्याचं सांगितलं तर ते हसले नाहीत, फक्त म्हणाले कातडी सोलली जाईल असं काही परत लावू नका. सासूबाईंना मी सांगितलं गोळ्यांनी गेलं, त्या मैत्रिणींना सांगतात टाकळ्याने गेलं. चालायचंच.

दिवाळीनंतर बांधावरची रोपं वाळतात आणि शेंगा तपकिरी होतात. बारीक, लांब, विळ्यासारख्या बाकदार, चांगल्या वीतभर आणि चौकोनी धारेच्या. फार वाळू दिल्या तर हात लावताच फुटून बी मातीत, म्हणून दव असताना सकाळी तोडायच्या. कासविंद्याच्या शेंगा चपट्या, जाडसर, कडेला फिकट पट्टी असलेल्या आणि वर वाकलेल्या, बी पण चपटं. टाकळ्याचं बी तिरकं कापल्यासारखं, चकचकीत, तपकिरी. आणि हा फरक पानांपेक्षा शेंगांच्या वेळी जास्त जपायचा, कारण पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी थंडीच्या तोंडाशी लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावायची, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला, आणि मग तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खात होती. लिव्हर, स्नायू, मेंदू, तिन्हींवर परिणाम. हे वाचल्यापासून आमच्या अंगणाच्या कडेला कासविंदा दिसला की मी फूल यायच्या आत उपटते, पोरं खेळतात तिथे.

तर टाकळ्याच्या बियांची कॉफी. सासूबाईंच्या लहानपणी घरात कॉफी परवडायची नाही तेव्हा हीच असायची म्हणे. आणि मजा बघा, जपान-कोरियात याच बियांचा भाजून चहा करतात आणि तो पाकिटातून विकतात, कोरियात तर बिया उशीतही भरतात. आपण त्यावर गाडी पार्क करतो.

मी पहिला घाणा जाळला. लोखंडी कढई चांगली तापवून बी टाकलं, दोन मिनिटं काहीच होईना म्हणून गॅस वाढवला आणि व्हॉट्सॲप बघत उभी राहिले, मग एकदम तडतड तडतड, बी कढईबाहेर, एक माझ्या मनगटावर, आणि घरभर धूर. दुसऱ्यांदा अगदी मंद आचेवर, सतत ढवळत, सुमारे वीस मिनिटं. आधी तो हिरवट उग्र वास, मग भाजलेल्या चण्याचा, आणि मग एका क्षणी बदलतो, कॉफीच्या जवळ जातो. रंग गडद चॉकलेटी झाला की लगेच ताटात पसरायचं, कढईत ठेवलं तर जळतच राहतं. मिक्सरमधून काढताना आवाजाने नवरा बाहेर आला की काय दळतेस, खडी? दोनदा फिरवून चाळून घ्यावं लागलं. कपभर पाण्याला एक चमचा, उकळी, गाळून दूध आणि गूळ. चव? कडवट, मागे थोडी जळकी, कॉफीची चुलत बहीण म्हणा. तरतरी येत नाही, कारण कॅफीन नाहीच त्यात. सासूबाई एक घोट पिऊन थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमची आई सुंठ घालायची." दुसऱ्या दिवशी सुंठ घातली. सुंठेने बरीच सुधारली, पण खरं सांगू, मी महिन्यातून एकदा पिते, रोजची कॉफी मी सोडलेली नाही.

उरलेल्या बियांचं काय करायचं हे मला माझ्या बाबांनी सांगितलं. आमच्याकडे शेताच्या कडेला गाजरगवत माजतं, तिथे ते पावसाच्या तोंडावर तरोट्याचं बी फेकतात, तरोटा दाट उगवला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. आमच्या इथे घराच्या मागे जुन्या विहिरीजवळ असाच एक गाजरगवताचा पट्टा आहे. मेच्या शेवटी मी उरलेलं बी तिथे फेकून आले, आणि पहिल्या घाण्यातलं जळकं बी सुद्धा, डबा रिकामा करायचा म्हणून.

परवा बघितलं, उगवलाय. अजून चारच पानांचा आहे, दाट नाही, मधे मधे गाजरगवतही आहेच. सासूबाई म्हणाल्या तिथला खुडू नको, यंदा वाढू दे.